गालावरून ओघळलेला रंग : व्हिएन्नातल्या मातीच्या मूर्ती आणि त्या घडवणाऱ्या बायका

मातीकाम

व्हिएन्ना म्हटलं की क्लिम्ट, शीले, कोकोश्का या चित्रकारांची नावं लगेच ओठांवर येतात. त्याच शहरात, पहिलं महायुद्ध सुरू असताना आणि त्यानंतर मातीत काम करणाऱ्या व्हाली वीझेल्टियर, सुझी सिंगर, गुड्रून बाउडिश यांची नावं मात्र रोज चाकावर बसणाऱ्या आपल्या लोकांनाही मुद्दाम सांगावी लागतात. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वीनर वेर्कश्टेटे ही संस्था १९०३ साली योझेफ हॉफमान आणि कोलोमान मोझर यांनी काढली. पैसा फ्रित्झ वेर्नडॉर्फर या उद्योजकाचा होता. घरात लागणारी प्रत्येक वस्तू, चमच्यापासून कपाटापर्यंत, कलावंताने आखायची आणि उत्तम कारागिराने घडवायची असा त्यांचा आग्रह. सुरुवातीची वर्षं चौकोन, काळा-पांढरा आणि सरळ रेघ यांची. मातीतही तेच. मिखाएल पोवोल्नी आणि बेर्टोल्ड ल्योफलर यांनी १९०६ साली वीनर केरामिक काढलं. पोवोल्नीची गुबगुबीत बाळं तुम्ही पाहिली असतील : पांढरंशुभ्र अंग, हातात फुलांचा भारा, काळ्या रेघा जिथल्या तिथे. शेगड्या बांधणाऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस. माती त्याला पूर्ण वश होती आणि रंग त्याने सांगितलेल्या जागी मुकाट बसायचा.

मग युद्ध आलं. पुरुष सैन्यात गेले, धातू मिळेनासा झाला. माती स्वस्त होती. वेर्कश्टेटेने युद्धाच्या काळातच कलावंतांसाठी एक मोकळी कार्यशाळा उघडली. तिथे येऊन प्रयोग करायचे, जमलेलं काम संस्था विकायला घेणार. आलेल्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्यालाही कारण होतं. व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीचे दरवाजे मुलींना १९२० पर्यंत बंद होते. चित्रकार-शिल्पकार व्हायची इच्छा असलेली मुलगी कुन्स्टगेवेर्बेशूलेत, म्हणजे उपयोजित कलेच्या शाळेत किंवा मुलींच्या खाजगी कलाशाळेत जायची. अकादमीत जाऊ न शकलेली सगळी ऊर्जा अशी कापडात, काचेत आणि मातीत उतरली.

वीझेल्टियर (जन्म १८९५) पोवोल्नीचीच विद्यार्थिनी. गुरूची पांढरी बाळं आणि शिष्येची १९२० च्या दशकातली स्त्रीमस्तकं शेजारी ठेवून पाहा. मान लांब, नाक अरुंद, डोळे बदामासारखे, ओठ लहान आणि भडक. गालावर रंगाचा डाग आहे, पण तो गालाच्या गोलाईला धरून नाही. केसांचा रंग कपाळावर उतरलाय. ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) काही ठिकाणी इतकं जाड की थेंब होऊन थांबलंय, आणि काही ठिकाणी ब्रशचा फटकारा चुकवून खालची कोरी माती तशीच ठेवलीय. बोटांचे ठसे पुसलेले नाहीत. दोन भाग जिथे जोडले तो सांधा घासून नाहीसा केलेला नाही.

माझं म्हणणं असं की हे सगळं ठरवून केलेलं आहे. इथे रंगाला वस्तूची ओळख पटवून द्यायची जबाबदारी नाही. केस आहेत म्हणून तपकिरी, ओठ आहेत म्हणून लाल, हा हिशोब तिने मोडला. रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, आकार स्वतःच्या हट्टाने वर जातो आणि या दोघांच्या ओढाताणीतून चेहऱ्यावर भाव तयार होतो. एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं न रंगवता आतली भावना रंगवणाऱ्या चित्रकारांनी कॅनव्हासवर जे केलं त्याची ही नक्कल म्हणता येणार नाही, कारण कॅनव्हासवरचा रंग चित्रकार ठेवेल तिथे राहतो. इथे शेवटचा हात भट्टीचा असतो, आणि भट्टी काय करेल याचा अंदाज घेऊन आधीच्या सगळ्या हालचाली कराव्या लागतात.

बाकीच्यांबद्दल प्रतिसादांत लिहीन. तुम्हीही लिहा.

नवखा

वाचतोय. फार छान सुरुवात. एक प्रश्न : ही मस्तकं वापराची होती की नुसती ठेवायची?

मातीकाम

@नवखा, दोन्ही प्रकार होते. फुलदाण्या, मेणबत्तीचे स्टँड, दिव्यांचे बुंधे, कपबश्या हेही त्या करत. मस्तकं आणि उभ्या मूर्ती मात्र दिवाणखान्यात ठेवायच्या. बाउडिशची १९२० च्या दशकाच्या अखेरची काही मस्तकं पाहिलीत तर ती शिल्पं म्हणूनच घडवलेली आहेत हे कळतं. ती वेर्कश्टेटेत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, १९२६ साली.

सरळरेघ

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. मला ही कामं गोड आणि उथळ वाटतात. श्रीमंतांच्या घरातल्या शोभेच्या वस्तू. एक्स्प्रेशनिझममध्ये जी वेदना असते, किर्शनरच्या रस्त्यांवरच्या माणसांत किंवा शीलेच्या हातांत, ती इथे कुठे आहे? रंग ओघळला म्हणून अभिव्यक्ती झाली असं होत नाही. त्याच काळात आडोल्फ लोससारख्या वास्तुविशारदाने या संस्थेवर कडाडून टीका केली होती, ती मला पटते. शेवटी १९३२ साली संस्था बुडालीच.

रंगपेटी

सरळरेघ, वेदना ही एक्स्प्रेशनिझमची प्रवेश परीक्षा कधीपासून झाली? फ्रान्त्स मार्कचे निळे घोडे वेदनेचे आहेत का? आनंद, खट्याळपणा, अंगातली मस्ती ह्या भावना नाहीत का?

मातीकाम

@सरळरेघ, तुम्ही लोसचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

१९२७ साली लोसने व्हिएन्नात जाहीर व्याख्यान देऊन वेर्कश्टेटेवर झोड उठवली. त्याच वर्षी यूलिउस क्लिंगर या नावाजलेल्या पोस्टर-चित्रकाराने या सगळ्या कामाला 'बायकी कलाकुसर' अशा अर्थाचं हेटाळणीचं नाव दिलं. काम वाईट का, याचं कारण ते बायकांचं आहे, इथवर टीका घसरली होती.

आता अठरा वर्षं मागे चला. १९०९. ओस्कार कोकोश्का तेव्हा विशीतला. त्याने स्वतःचं मस्तक मातीत घडवलं, 'योद्धा' म्हणून. तोंड किंकाळी फुटावी तसं उघडं, कातडी सोलून काढल्यावर दिसावेत तसे स्नायू, आणि वरून लाल, निळा, पिवळा रंग, शरीराच्या कुठल्याही नैसर्गिक रंगाशी देणंघेणं नसलेला. आज ते बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे आणि एक्स्प्रेशनिझमच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. ते मस्तक त्या वेळी विकत कोणी घेतलं? आडोल्फ लोसने. कोकोश्काचा तो पुढे मोठा पाठीराखा झाला.

शहर तेच. माती तीच. मस्तक हाच विषय. रंग आकाराची हद्द ओलांडून जातो हेही तेच. एकाला लोसने घरी नेलं, दुसऱ्यांच्या संस्थेला झोडपलं. लोसच्या टीकेला बाकी कारणंही होती हे मला मान्य आहे. वापराच्या वस्तूवर नक्षी नको हा त्याचा जुना आग्रह होता आणि तो प्रामाणिक होता. पण या मस्तकांवर नक्षी नाहीच. रंग काढून टाकला तर त्या मस्तकाचा भावच जाईल.

तुम्ही 'गोड' म्हणता, त्यात थोडं तथ्य आहे. सुझी सिंगरच्या लहान मूर्ती गोड आहेत. तिचं आयुष्य मात्र तसं नव्हतं. लहानपणापासून हाडांचा आजार, चालायला त्रास. खाणकामगाराशी लग्न करून ती ग्र्युनबाखला, कोळशाच्या खाणींच्या गावात गेली आणि तिथे स्वतःची भट्टी लावली. पुढे नवरा गेला, ती ज्यू असल्यामुळे देशही सोडावा लागला, आणि कॅलिफोर्नियात पुन्हा मातीपासून सुरुवात केली. १९५५ साली तिथेच वारली. हे सगळं सोसूनही तिच्या बायका पिवळ्याधमक झग्यात मान वर करून उभ्या राहतात. मला त्यात उथळपणा दिसत नाही.

शाडू

कोकोश्काचं ते मस्तक भाजलेलं आहे का? फोटोत पृष्ठभाग भाजलेल्या मातीसारखा वाटत नाही.

मातीकाम

नाही! बरोबर ओळखलंत. कच्ची माती, वर टेंपेरा रंग.

शाडू

मग मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे. आमचं गणपतीचं काम, पेणजवळ. शाडूची मूर्ती वाळली की पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. न भाजलेल्या मातीवर रंग कसा बसतो हे आम्हाला विचारा. माती रंग पिते. पहिला हात कायम फिका दिसतो, दुसऱ्याला उजळतो. रंग जिथे लावला तिथेच राहतो, सुकल्यावर कसा दिसेल हे लावतानाच कळतं. नको वाटला तर पुसून पुन्हा लावता येतो. आखणी करताना हात थरथरला तर आमचा कारागीर तेवढाच भाग पांढरा करून परत डोळा काढतो.

त्यामुळे मातीकाम ताईंनी 'शेवटचा हात भट्टीचा' असं जे लिहिलंय ते मला नीट समजून घ्यायचंय. ग्लेझ लावताना रंग दिसतच नाही का? मग ओघळ कुठे थांबणार हे त्या बायकांना कसं कळायचं?

केमिकल_काका

शाडू, याचं उत्तर मी देतो. माझी नोकरी ग्लेझ आणि फ्रिट (ग्लेझसाठी आधी वितळवून दळलेली काच) बनवणाऱ्या उद्योगात गेली.

कच्चं ग्लेझ म्हणजे पाण्यात कालवलेली भुकटी. कोबाल्टचं निळं ग्लेझ लावताना गुलाबट-राखाडी किंवा काळपट दिसू शकतं. तांब्याचं हिरवं लावताना काळं किंवा फिकट हिरवं. म्हणजे लावणारी व्यक्ती डोळ्यांनी एक रंग पाहत असते आणि मनात दुसरा धरून असते. एक्स्प्रेशनिस्ट चित्रकाराला ही अडचण नव्हती.

आता रंग येतात कुठून. व्हिएन्नाच्या या बायकांचं काम कमी तापमानाच्या अर्दनवेअरचं, साधारण १००० ते ११०० अंशांच्या घरातलं. त्या काळी कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये शिसं सर्रास वापरत. शिशाने तीन गोष्टी होतात. ग्लेझ लवकर वितळतं. वितळल्यावर ते पातळ होऊन सहज वाहतं. आणि थंड झाल्यावर त्याला जी खोल चमक येते तशी दुसऱ्या कशाने क्वचितच येते. ओघळ हवा असेल तर शिसं हा मोठा मदतनीस.

रंगांचं बघा. तांबं शिशाच्या ग्लेझमध्ये पानासारखं हिरवं देतं, सोडा-पोटॅशच्या ग्लेझमध्ये तेच तांबं फिरोजी होतं. लोह शिशात मधासारखं पिवळं-तपकिरी. अँटिमनी आणि शिसं मिळून गडद पिवळा. मँगनीज जांभळट तपकिरी. कथिलाचं भस्म घातलं की पारदर्शक ग्लेझ दुधाळ पांढरं होतं. क्रोमियमचा खेळ सर्वांत अजब : साध्या ग्लेझमध्ये हिरवा, भरपूर शिसं आणि कमी तापमान असेल तर लालनारिंगी, आणि कथील सोबतीला असेल तर गुलाबी. युरेनियमनेही नारिंगी-लाल मिळायचा, तेव्हा तो उघडपणे वापरत. अमेरिकेत १९३६ साली आलेल्या फिएस्टा भांड्यांचा प्रसिद्ध लाल युरेनियमचाच होता.

यातले बरेच भडक रंग १२५० अंशांच्या वर टिकत नाहीत. स्टोनवेअर किंवा पोर्सिलेनच्या तापमानाला ग्लेझच्या आत लाल, नारिंगी, झगझगीत पिवळा मिळवणं त्या काळी फार कठीण होतं. म्हणून एक्स्प्रेशनिस्टांची रंगपेटी मातीत उतरायची तर ती कमी तापमानाच्या मातीतच उतरणार होती. त्या बायकांनी अर्दनवेअर निवडलं ते केवळ स्वस्त म्हणून, असं मी म्हणणार नाही. हवा तो रंग तिथेच होता.

आणि ओघळ कुठे थांबणार? जाडी, उतार आणि वेळ. वरच्या बाजूला जाड थर, खाली पातळ. जिथे थांबायला हवं तिथे आकारात एक कड किंवा खाच. भट्टी वरच्या तापमानाला दहा मिनिटं जास्त राहिली तर थेंब हनुवटीखाली जातो. सवयीने हे हातात बसतं, कागदावर लिहून येत नाही.

शाडू

काका, दंडवत. आता कळलं.

अनघा_प

हे ग्लेझ खाण्यापिण्याला चालतं का? माझ्याकडे आजीच्या वेळची एक युरोपियन फुलदाणी आणि त्याच रंगाची वाटी आहे. वाटीत लोणचं काढते कधीकधी.

केमिकल_काका

अनघा, लोणचं लगेच काढून ठेव. कुठल्याही आंबट पदार्थाने शिसं ग्लेझमधून सुटू शकतं. त्या काळच्या सजावटीच्या भांड्यांत काहीही खाऊ नये. फुलदाणी बिनधास्त ठेव.

अनघा_प

काढलं. आभार.

रंगपेटी

व्हिएन्नाबरोबर बर्लिनजवळच्या मार्विट्झचाही उल्लेख हवा. मार्गारेटे हायमान. जन्म कोलोनचा, १८९९. बाउहाउस या जर्मनीतल्या आधुनिक कलाशाळेत योहानेस इटेनच्या प्राथमिक वर्गाला होती, तिथल्या मातीच्या कार्यशाळेशी तिचं जुळलं नाही, १९२१ साली बाहेर पडली. १९२३ साली नवरा आणि दीर यांच्याबरोबर तिने हेल वेर्कश्टेटेन हा कारखाना काढला. तिच्या चहाच्या भांड्यांचे आकार पाहा : शंकूसारखी किटली आणि कान म्हणून दोन भरीव गोल चकत्या. इतका धीट कान मी दुसऱ्या कुठल्या कपाला पाहिलेला नाही. काही भांड्यांवरचे ब्रशचे फटकारे कांडिन्स्कीच्या चित्रांची आठवण करून देतात. म्हणजे व्हिएन्नात रंग ओघळतोय आणि इथे तो कोन करून आदळतोय.

१९२८ साली नवरा आणि दीर एकाच मोटार अपघातात गेले. तिने कारखाना एकटीने चालवला. नाझी आले, ती ज्यू होती, १९३४ साली कारखाना कवडीमोलाने गेला. पुढे गोबेल्सच्या वर्तमानपत्रात तिची भांडी भ्रष्ट म्हणून छापली गेली, नव्या मालकिणीच्या 'शुद्ध' भांड्यांच्या शेजारी. एका किटलीच्या कानाची सत्तेला इतकी भीती वाटावी! ती १९३६ साली इंग्लंडला गेली, स्टोक-ऑन-ट्रेंटला.

सरळरेघ, हे वाचून तरी 'शोभेची वस्तू' हा शब्द परत तोलून बघा.

सरळरेघ

कोकोश्काचा आणि लोसचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो वजनदार आहे. हायमानच्या किटल्या आत्ताच शोधून पाहिल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट फार आवडल्या. आकारात शिस्त आहे, रंग त्या शिस्तीशी भांडतो. वीझेल्टियरबद्दल मात्र मन अजून तयार होत नाही. तिथे आकारही सैल आणि रंगही सैल, मग भांडण कोणाचं कोणाशी?

व्हिएन्नाकर

सरळरेघ, फोटोवरून हे ठरवू नका. मी इथे राहतो आणि श्टुबेनरिंगवरच्या माक या उपयोजित कलेच्या संग्रहालयात वरचेवर जातो. वीनर वेर्कश्टेटेचं सगळं दफ्तर, रेखाटनं, नमुने त्यांच्याकडे आहेत. फोटोत समोरचा चेहरा दिसतो. प्रत्यक्षात काचेच्या कपाटाभोवती फिरल्यावर लक्षात येतं की वीझेल्टियर चाकावर उत्तम होती. नळकांडी आणि गोल चाकावर ओढून, मग ते कापून-जोडून मूर्ती उभी केलेली. मानेचा गोल भरीव घट्ट आहे, चाकाच्या गतीतून आलेला. सैलपणा वरच्या कातडीत आहे, सांगाडा पक्का आहे. तुम्ही म्हणता ते भांडण तिथेच चाललंय.

दुसरं म्हणजे आकारमान. काही मूर्ती मोठ्या आहेत. पोकळ मातीचं एवढं काम वाळताना तडकू न देणं आणि भट्टीत फुटू न देणं, यासाठी भिंतीची जाडी सगळीकडे सारखी लागते. सैल हाताचं काम हे नव्हे.

मातीकाम

व्हिएन्नाकर, फार उपयोगी प्रतिसाद. मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते, तुम्ही पाहून सांगितलंत.

तिचा पुढचा प्रवास लिहिते. १९२२ साली तिने स्वतःची कार्यशाळा काढली, १९२७ साली वेर्कश्टेटेने ती विकत घेतली आणि तिला संस्थेच्या मातीविभागाचं प्रमुखपद दिलं. १९२८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आंतरराष्ट्रीय मृत्तिकाकलेचं मोठं प्रदर्शन भरलं, मग ते अमेरिकेतल्या इतर शहरांत फिरलं. तिथे ऑस्ट्रियाच्या कामांनी लोकांचं लक्ष वेधलं, विशेषतः तिच्या. पुढे ती अमेरिकेतच स्थायिक झाली आणि १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारली.

अमेरिकन मातीकामावर या प्रदर्शनाचा मोठा परिणाम झाला. मूर्ती, विनोद, भडक रंग या गोष्टी मातीत करायला तिथले लोक धजले.

ओहायोची_सई

मग आमच्या गावचं नाव यायलाच हवं. क्लीव्हलंड! व्हिक्टर श्रेकेनगॉस्ट हा ओहायोचाच, कुंभाराचा मुलगा. १९२९ साली व्हिएन्नाला पोवोल्नीकडे शिकायला गेला, म्हणजे वीझेल्टियरचा गुरुबंधू. परत आल्यावर इथल्या काउवन पॉटरीत काम करत असताना न्यूयॉर्कहून एका बाईंनी मोठ्या पंच बोलची मागणी पाठवली, विषय न्यूयॉर्क. त्याने जो बोल केला तो 'जॅझ बोल' म्हणून प्रसिद्ध आहे, १९३१ च्या सुमाराचा. आधी पांढऱ्या बोलवर काळ्या मातीचा लेप, तो खरवडून गगनचुंबी इमारती, रस्त्यावरचे दिवे, ड्रम, ग्लास, अक्षरं असं सगळं तिरकं, एकमेकांत घुसलेलं काढलं. वरून तांब्याचं इजिप्शियन निळं पारदर्शक ग्लेझ. रात्रीच्या न्यूयॉर्कचा निळा उजेड त्याला हवा होता. मागणी करणाऱ्या बाई म्हणजे एलेनॉर रूझवेल्ट होत्या हे त्याला नंतर कळलं. आमच्या क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टमध्ये असा बोल आहे. फोटोत तो निळा अर्धाही उतरत नाही. आतून उजेड लावल्यासारखा वाटतो.

काका म्हणाले तसं : सोडा-पोटॅशमध्ये तांबं फिरोजी. तेच ना?

केमिकल_काका

तेच. शाब्बास.

जेजे_माजी

उशिरा आलो, पण इथे दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून लिहितो. अमेरिकेत १९५० च्या दशकात पीटर वूल्कोस या मातीशिल्पकाराने लॉस एंजेलिसच्या ओटिस कला संस्थेत जे केलं त्यालाही मातीतला एक्स्प्रेशनिझम म्हणतात. त्याची मुळं वेगळी आहेत. तो १९५३ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटन कॉलेजला गेला, तिथून न्यूयॉर्कला जाऊन क्लाइन, डी कूनिंग यांची चित्रं पाहिली आणि १९५४ पासून ओटिसमध्ये मातीचे लगदे आपटून, फाडून, एकावर एक रचून काम करू लागला. १९६६ साली अर्व्हाइनच्या विद्यापीठात त्यांच्या गटाचं प्रदर्शन 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिस्ट सिरॅमिक्स' या नावानेच झालं.

व्हिएन्नात चेहरा राहतो, माणूस राहतो. वूल्कोसकडे माणूस नाही, माणसाने मातीवर केलेली कृती आहे. शिवाय वूल्कोसने काही कामांवर भाजल्यानंतर इपॉक्सी रंग लावला. त्याच्या गटातला केन प्राइस तर पुढे अ‍ॅक्रिलिकचे थरावर थर देऊन ते घासून काढायचा. तेव्हा अनेक कुंभार भडकले होते की हे मातीकामच नाही. मला शिकताना हा प्रश्न फार सतावायचा. शाडू यांचा प्रतिसाद वाचून वाटलं की आपल्याकडे तो कधी प्रश्नच नव्हता. कच्च्या मातीवर रंग ही आपली रोजची गोष्ट.

मातीकाम

जेजे_माजी, हा फरक मांडल्याबद्दल आभार. एक भर घालते. वूल्कोस, प्राइस यांची कामं आज शिल्पकलेच्या इतिहासात आहेत, आणि वीझेल्टियर अजून बऱ्याच ठिकाणी 'डेकोरेटिव्ह आर्ट्स'च्या दालनात. मला ते दालन कमी दर्जाचं वाटत नाही. घरात राहणाऱ्या, रोज नजरेला पडणाऱ्या वस्तूत एवढा धाडसी रंग आणणं हे भिंतीवर टांगलेल्या चित्रापेक्षा सोपं नाही. माझी हरकत एवढीच की एकाच प्रकारच्या कामाला कधी शिल्प आणि कधी शोभेची वस्तू म्हणायचं, हे ते कोणी केलं त्यावरून ठरू नये.

पोवोल्नीच्या वर्गातून १९२० च्या दशकात लूसी री सुद्धा बाहेर पडली, हे सांगायचं राहिलं. ती १९३८ साली लंडनला गेली, आणि तिच्या पातळ, संयत भांड्यांना जगाने डोक्यावर घेतलं. योग्यच आहे, मीही तिच्या वाडग्यांची भक्त आहे. पण एकाच वर्गातून दोन टोकं निघाली आणि आपण संयताला गंभीर, भडकाला हलकं मानत आलो, याचा विचार व्हायला हवा.

सरळरेघ

व्हिएन्नाकरांनी सांगितलेलं पटलं : सांगाडा घट्ट, कातडी सैल. त्या नजरेने पुन्हा पाहिलं. १९२८ च्या सुमाराच्या एका मस्तकात मानेवरचा ग्लेझचा ओघळ बरोबर चाकाच्या वळ्यांपाशी अडलाय, आडव्या रेघेत. ते मला आधी दिसलंच नव्हतं. सुझी सिंगर अजूनही माझ्यासाठी जास्त गोड आहे, तेवढं मतभेदाचं राहू द्या.

मातीकाम

राहू द्या की! सगळ्यांना सगळं आवडलं तर धागा कशाला.

नवखा

मला हे करून बघायचंय. घराजवळच्या स्टुडिओत इलेक्ट्रिक भट्टी आहे, कोन ०४ (साधारण १०६० अंश) पर्यंत भाजतात. शिसं अर्थातच नको. काका, मातीकाम ताई, कुठून सुरुवात करू?

केमिकल_काका

शिसं नकोच, बरोबर. हल्ली बोरॉनचे फ्रिट मिळतात, त्यांनी ते काम बऱ्यापैकी होतं. चमक थोडी वेगळी, पण ओघळ छान येतो. लाल-नारिंगीसाठी झिरकॉनच्या कवचात बंद केलेले कॅडमियम-सेलेनियमचे तयार स्टेन (रंगद्रव्यं) घे. ते तुझ्या तापमानाला आरामात टिकतात, १२०० च्या वरही तग धरतात. स्टेन दळायचा नाही, कवच फुटतं. हाताळताना मास्क लाव आणि ह्या भांड्यात खायचं नाही, हे इथेही लागू.

मातीकाम

आणि चाचणीच्या फरश्या आडव्या भाजू नकोस, उभ्या भाज. आडव्या फरशीवर ग्लेझ कधीच ओघळणार नाही, तुला काही कळणार नाही. लहान नळकांडी कर, मधे एक कड उठव, वरच्या अर्ध्या भागावर तीन हात, खाली एक. खाली फुटकी फरशी ठेव, नाहीतर ग्लेझ भट्टीच्या शेल्फवर उतरेल आणि स्टुडिओवाले परत दारात उभे करणार नाहीत. दोन ग्लेझ एकमेकांवर चढतील अशी एखादी जागा मुद्दाम ठेव, कारण तिसरा रंग तिथेच तयार होतो आणि तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. फोटो इथे टाक.

नवखा

शनिवारी स्टुडिओत जातोय. उभ्या फरश्या, तीन हात, एक हात. लिहून घेतलं.